गुलाबाची वाईन आणि मोहाचा सडवा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत एक छोटेखानी समारंभ झाला. समारंभ कसला, चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गच्चीतल्या कुंड्यांमधल्या गावठी गुलाबाची वाईन केली होती, ती चाखायला आठ-दहा जणांना बोलावलं होतं. काचेच्या सुंदर बाटल्या, गळ्याला सुतळी, हाताने लिहिलेलं लेबल. रंग फिकट गुलाबी. सगळे एकदम खूष! एक म्हणाला, ‘आर्टिजनल आहे हं!’ दुसरा म्हणाला, ‘नोकरी सोडून हेच कर.’ मीही अर्धा ग्लास घेतला. खोटं कशाला बोलू, बरी होती. थोडी गोड, थोडी आंबट, आणि शेवटी जिभेवर गुलकंदाची आठवण.

घरी आलो आणि झोप लागेना. वाईनमुळे नव्हे. मला आमच्या गावातली एक मावशी आठवली आणि डोकं सणकलं. तर मंडळी, आजचा हा लेख म्हणजे एका झोप न लागलेल्या माणसाचा त्रागा आहे. पटला तर घ्या, नाही पटला तर भांडा.

माझं गाव धामणगाव बढे. पुण्यात नुसतं ‘धामणगाव’ म्हटलं की लोक ‘हो हो, रेल्वे स्टेशन आहे ना’ म्हणतात. ते धामणगाव रेल्वे, अमरावती जिल्ह्यातलं. आमचं बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं. आगगाडी पाहायची तर मलकापूर गाठावं लागतं. कापूस, सोयाबीन, मका, आणि मे महिन्यात डोक्यावर तापलेला तवा. आमच्या शेताच्या डोंगराकडच्या बांधावर एक मोहाचं झाड होतं. फाल्गुन-चैत्रात पहाटे त्याखाली फुलांचा सडा पडायचा. आमच्याकडे कामाला येणारी एक भिल्ल मावशी (खरी मावशी नव्हे, पण आम्ही पोरं मावशीच म्हणायचो) झाडाखालची जागा आदल्या दिवशी झाडून ठेवायची आणि उजाडायच्या आत टोपली भरून घ्यायची. ती फुलं वाळवायची, थोडी भाजून पोरांना खायला द्यायची, आणि उरलेल्याचं काय करायची ते सगळ्या गावाला माहीत होतं.

मी सातवीत असताना एका सकाळी खाकी गाडी आली. कुठल्या खात्याची होती हे कळायचं ते वय नव्हतं. मावशीच्या झोपडीमागचं मडकं आणि जर्मनचं पातेलं बाहेर काढलं, सडवा मातीत ओतला, मडकं दगडावर आपटून फोडलं. त्या आंबूस वासाने दोन दिवस गल्ली भरली होती. मावशीला घेऊन गेले, ती तिसऱ्या दिवशी परत आली. पण केस राहिली. मग तारखा. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडायची, वर जायचं-यायचं भाडं. दोन बकऱ्या विकल्या. नंतर थोरल्या पोरीची शाळा सुटली. एवढ्या तारखांनंतर दंड किती झाला ते मला आठवत नाही. पोरीची शाळा सुटलेली आठवते, कारण ती माझ्याच वर्गात होती.

आणि अजून एक गोष्ट आठवते. त्या रात्री जेवण झाल्यावर आमच्या वडिलांनी नेहमीप्रमाणे फडताळातली बाटली काढली आणि दोन चमचे द्राक्षासव तेवढ्याच पाण्यात घालून घेतलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, असं ते स्वतः सांगायचे आणि आम्हाला ते शंभर टक्के खरं वाटायचं. त्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते मी इंजिनिअर झाल्यावर वाचलं. त्यावर येतोच.

आधी थोडं रसायनशास्त्र, कारण सगळा घोळ तिथेच कळतो.

वाईन होते साखरेची. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतो. ढोबळ हिशोब असा: एका लिटरमधल्या साधारण १७ ग्रॅम साखरेचं १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे १२ टक्क्यांची वाईन हवी तर लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास साखर लागणार. आता मला सांगा, गुलाबाच्या पाकळीत साखर किती? जवळपास नाहीच. पाकळीत असतो सुगंध, रंग, थोडा तुरटपणा. देठाकडचा पांढरा भाग कडू लागतो म्हणून तो कापून टाकतात. जास्वंदीचं तेच, मोगऱ्याचं तेच, झेंडूचं तेच. म्हणून पाकळ्यांच्या वाईनच्या कुठल्याही कृतीत ४ लिटर पाण्याला किलोभर साखर असते. लिंबू आंबटपणासाठी, मूठभर मनुका किंवा काळा चहा अंगासाठी, यीस्ट पाकिटातलं. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची वाईन ही गुलाबाची वाईन नव्हतीच. ती साखरेची वाईन होती, तिला गुलाबाचं अत्तर लावलेलं. कोल्हापूरच्या उसाचं काम, आणि नाव गच्चीतल्या कुंडीचं!

याउलट मोह. मोहाची पाकळी मांसल, रसाळ, मलईच्या रंगाची. पाकळ्यांचा तो गोळाच झाडावरून गळून पडतो. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त साखर असते. म्हणून अस्वलं त्यावर तुटून पडतात, म्हणून पोरं ती मनुकांसारखी चघळतात. त्यात बाहेरून काही घालावं लागत नाही. पाणी घाला, हवेतलं-फुलावरचं यीस्ट आपोआप कामाला लागतं. फुलाच्या स्वतःच्या साखरेवर आंबणारं, आपल्या मुलखात भरपूर मिळणारं, असं दुसरं फूल मला तरी माहीत नाही. खरी ‘फुलांची वाईन’ कोणती असेल तर ती मावशीच्या मडक्यातला सडवा.

आणि नेमका तोच गुन्हा. दुसरा छंद.

‘थांब थांब,’ कोणीतरी म्हणेल, ‘सडव्याची पुढे भट्टी लावतात, ती दारू. वाईन वेगळी.’ मुद्दा बरोबर आहे. आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. गाळलेल्या दारूत अल्कोहोल कितीतरी जास्त. पण कायद्याला हा फरक दिसत नाही, निदान गुन्हा ठरवताना तरी. आपल्या राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. मूळ मुंबई प्रांताचा, आता नावापुढे महाराष्ट्र. त्यात ‘मद्य’ शब्दाच्या व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव येतात. कलम ६५ मध्ये परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा. विकणं तर आहेच, पण त्यासाठीचं साहित्य आणि भांडी बाळगणं हासुद्धा गुन्हा. म्हणजे शेजाऱ्यांचा काचेचा बुधला आणि मावशीचं मडकं कायद्याच्या पुस्तकात शेजारी शेजारी बसले आहेत. (मी स्वतः कधी गुलाबाची वाईन केली का? एका वकील मित्राने या प्रश्नाचं उत्तर कुठेही लिहू नकोस असं बजावलं आहे. :-))

आता पुस्तक मिटा आणि रस्त्यावर या. आयुष्यात कधी पेपरात वाचलंय का, ‘पुण्यात फ्लॅटवर छापा, ५ लिटर गुलाबाची वाईन जप्त, सुतळीसह मुद्देमाल हस्तगत’? मी नाही वाचलं. ‘मोहसडवा नष्ट’ मात्र आमच्याकडच्या पुरवणीत ठरलेलं. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर, नियम सगळ्यांना एकच लिहिलेला आहे पण तो चालतो मात्र लॉग-इन कोणाचं आहे ते बघून. असा प्रोग्रॅम मी लिहिला असता तर मला त्याच दिवशी नारळ मिळाला असता.

बरं, हा कायदा नीतीमधून आला, समाजाच्या भल्यासाठी आला असं तरी म्हणता येतं का? इतिहास बघू. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. त्याआधी गावोगाव मोह गाळला जायचा, ताडी काढली जायची. सरकारने ते बंद करून दारू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांमधून, करासकट, ठेकेदारांमार्फत विकायची पद्धत बसवली. लोकांनी पिणं थांबवावं हा त्यातला हेतू नव्हता. सरकारला कर न देता पिणं थांबवावं, हा हेतू होता. पण झाडावरून फुकट पडणाऱ्या फुलाचं काय करणार? मग १८९२ मध्ये खास मोहाचाच कायदा केला, आणि ठाणे-कुलाब्याकडे फुलं गोळा करणं-बाळगणं यावरच निर्बंध आले. विचार करा: एका फुलाच्या विरुद्ध कायदा! झाडाने रात्री टाकलेलं फूल सकाळी उचललं की माणूस गुन्हेगार.

आमचा बुलढाणा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य झालं तेव्हा विदर्भ त्यात आला आणि पुढे मुंबईचा कायदा आमच्याही मानगुटीवर बसला. स्वातंत्र्यानंतरच्या लोकांचा हेतू चांगला होता, ते मी नाकारत नाही. घटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहेच. पण फुलाकडे संशयाने बघायची नजर मात्र इंग्रजांचीच राहिली. मोहफुलांवरचे निर्बंध आपल्या सरकारने सैल केले ते २०२१ साली. १८९२ ते २०२१. करा वजाबाकी. आणि अजूनही फूल गोळा केलं तर चालेल, भिजवलं तर गुन्हा.

आता वडिलांच्या द्राक्षासवाकडे येतो.

आसव आणि अरिष्ट हे आयुर्वेदातले आंबवलेले औषधी प्रकार. द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट. बाळंतिणीला, अशक्त माणसाला, पोटाच्या तक्रारीला आपल्या आज्या-पणज्या देत आल्या. करतात कसं? रस किंवा काढा, त्यात गूळ किंवा मध किंवा साखर, आणि त्यात धायटीची फुलं. धायटी म्हणजे डोंगरउतारावर वाढणारं लाल फुलांचं झुडूप. त्या फुलांबरोबर रानटी यीस्ट येतं आणि तुरटपणाही येतो. मग भांडं झाकून काही आठवडे ठेवायचं. गोड पाणी, फुलं, बंद भांडं, काही आठवडे. आठवतंय काही? गच्चीवरची कृती हीच, मडक्यातली कृतीही हीच. बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: स्वयंजात अल्कोहोल ५ ते १० टक्के. म्हणजे बिअरच्या बरोबरीने, कधी वाईनच्या जवळ!

माझे वडील दारूडे होते असं मी म्हणत नाही. दोन चमच्यांनी कोणी दारूडा होत नाही. मी एवढंच म्हणतो की त्या रात्री आमच्या फडताळात फुलांनी आंबवलेलं अल्कोहोल होतं आणि मावशीच्या झोपडीमागेही फुलांनी आंबवलेलं अल्कोहोल होतं. आमच्या बाटलीला ‘औषध’ म्हणतात, तिच्या मडक्याला ‘मुद्देमाल’. औषधाला सवलत हवी हे सर्वोच्च न्यायालयानेही १९५१ मध्येच सांगितलं. मुंबई सरकार विरुद्ध बलसारा हा खटला दारूबंदीच्या याच कायद्यावरचा. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावर बंदी घालणं अवाजवी आहे असं ठरवून न्यायालयाने कायद्याचा तेवढा भाग रद्द केला. योग्यच केलं. पण बघा, कोलनवाल्यांची आणि काढेवाल्यांची सोय झाली. फुलंवालीची नाही झाली.

पुढचा अंक द्राक्षांचा. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला करात सवलती दिल्या. नाशिककडे वायनऱ्या उभ्या राहिल्या, पर्यटन आलं, द्राक्ष तुडवायचे सोहळे आले. माझा त्याला विरोध नाही, मीही जाऊन फोटो काढून आलोय. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने वाईन मोठ्या किराणा दुकानांत विकू द्यायचा निर्णय घेतला. कारण काय सांगितलं? शेतकऱ्यांचं भलं. त्यावर गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय रखडला. पण त्या गदारोळात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं: वाईन म्हणजे दारू नव्हे. १९४९ चा कायदा उघडून बघा म्हणावं, पहिल्या काही पानांतच उत्तर आहे.

आणि शेतकऱ्यांचं भलं हवं ना? मग मोह वेचणारी बाई कोण? जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सातपुड्यात जा. भिलाला आणि कोरकू बायका पहाटे टोपल्या घेऊन निघतात. फवारणी नाही, पाटबंधारे नाही, कर्जमाफी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा मालकी हक्क मान्य केलाय. द्राक्षाला मूल्यवर्धन म्हणायचं, आणि मोहाला? व्यापारी ती वाळलेली फुलं मातीमोल भावात उचलतो, कारण त्याचं पुढे काय करायचं याचा कायदेशीर रस्ता त्या बाईसाठी बंद आहे.

इथवर लिहून झालं आणि मी गावी आईला फोन लावला. मला वाटलं होतं, आई म्हणेल, शाब्बास रे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुले काय जाते पुण्यात बसून बोलाले? त्या मावशीच्या मडक्यातली पिऊन कोन कोनाले मारे ते तू पाह्यलं काय? गुलाबाची असो का मोहाची, मार खाणारी बाई एकच असते.”

मी गप्प. कारण हे खरं आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूचा हात मोडलेला मी पाहिला आहे. ती खाकी गाडी आली तेव्हा गावातल्या बायकांना आनंद झाला होता, त्यात आई पुढे होती. हा लेख त्या बायकांच्या विरोधात जात असेल तर तो मी फाडून टाकीन.

पण मग मी आईला विचारलं, “मडकं फुटल्यावर मार थांबला का?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “नाही. मंग ते फाट्यावर जाऊन पिऊ लागले.”

फाट्यावर म्हणजे देशी दारूच्या सरकारमान्य दुकानात. तिथली दारू सीलबंद, कर भरलेली. माणूस तोच, मार तोच, फक्त पैसा मावशीच्या झोपडीतून निघून दुकानदाराच्या गल्ल्यात आणि शासनाच्या तिजोरीत गेला. आता हे दुकान बंद करायचं असेल तर काय करायचं? २००८ चा नियम आहे. आधी पुरेशा महिलांच्या सह्यांचं निवेदन, सह्यांची पडताळणी, मग मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर मत दिलं तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नाही, एकूण मतदारांच्या! ज्या बायका त्या दिवशी मजुरीला गेल्या त्या जणू दुकानाच्या बाजूने. एवढ्या मतांची अट आमदाराला लावली तर विधानसभा किती भरेल बघा. आणि मावशीचं मडकं बंद करायला काय लागलं? कोणाचा तरी एक निरोप.

माझं भांडण इथे आहे. दारू वाईट की चांगली हे भांडण नाही. दारू वाईटच, असं धरून चालू. मग ती सगळ्यांसाठी सारखी वाईट असू द्या.

दुसरा आक्षेप विषाचा. ‘गावठी पिऊन लोक मरतात.’ मरतात, आणि भयंकर मरतात. २००४ मध्ये विक्रोळीत, २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत. मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. पण ती कशाने गेली? मेथॅनॉलने. कारखान्यात वापरायचं मेथॅनॉल चोरून-मारून आणून दारू म्हणून विकलं गेलं. फूल आंबवल्याने माणूस आंधळा होत नाही. आंबवताना मेथॅनॉल तयार होतं ते अगदी किरकोळ, वाईनमध्येही असतं. मारतो तो चोरटा धंदा, ज्यात पिणाऱ्याला बाटलीत काय आहे हे कळायचा मार्ग नसतो. जितकं चोरटं कराल तितकं विष वाढेल. तपासणी उजेडातल्या मालाचीच होते, अंधारातल्या मालाचं पोस्टमॉर्टेमच होतं.

मग करायचं काय? नुसता त्रागा करून थांबणं मला पटत नाही, म्हणून माझा मसुदा देतो.

१) घरच्यापुरतं आंबवणं गुन्हा नको. ठराविक लिटरपर्यंत, विकायचं नाही, या अटीवर. गुलाब असो, मोह असो, नाताळात वसई-वांद्र्याच्या घरांतून होणारी मनुकांची वाईन असो. जगात हे नवं नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती वाईन-बिअरचा कायदा नीट केला, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. तेवढी तर आपल्याकडे कोणी मागतही नाही. आणि परदेशाचा दाखला नको असेल तर कौटिल्य घ्या. अर्थशास्त्रात दारूवर कडक सरकारी नियंत्रण आहे, सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. तरीही कुटुंबाला कार्यप्रसंगी घरची सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मोकळीक दिलेली आहे. तेवीसशे वर्षांपूर्वीचा कडवा करवसुलीवाला जे समजू शकला ते आपल्याला समजू नये?

२) मोहाची भट्टी जिथे परंपरेने आहे तिथे निर्णय ग्रामसभेचा. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा अधिकार ग्रामसभेकडे दिलेलाच आहे. आमच्यासारख्या बाकीच्या गावांतही तो द्या, आणि महिला ग्रामसभेचा शब्द शेवटचा ठेवा. बायका म्हणाल्या नको, तर नको. मग भट्टीही नको आणि फाट्यावरचं दुकानही नको. दोन्हींना एकच मोजमाप, हजर असलेल्यांचं साधं बहुमत.

३) विकायचं असेल तर उजेडात. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तिथे अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू करायची मर्यादित मुभा आहे, आणि २०२२ मध्ये त्या सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून आदिवासी बचतगटांकडून तयार करून बाजारात आणायचं धोरण केलं. खाली गोव्यात काजूची भट्टी परवान्याने चालते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय ठरवलं. वर मोह प्रतिष्ठित, खाली काजू प्रतिष्ठित, आणि मधल्या महाराष्ट्रात कलम ६५! बचतगटाची परवानाधारक भट्टी, मालाची तपासणी, कराची पावती. नाशिकला जमतं ते धडगाव-मेळघाटला का जमू नये?

४) आणि हे काहीच करायचं नसेल तर निदान प्रामाणिकपणा करा. गाडी चौथ्या मजल्यावरही पाठवा. शेजाऱ्यांचा बुधला गच्चीवर आपटून फोडा, सडवा कुंड्यांत ओता, त्यांना तीन-चार वर्षं तारखांना बोलवा. माझी खात्री आहे, पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांत अग्रलेख येतील आणि सहा महिन्यांत कायदा बदलेल. :-)

कोणी म्हणेल, शेजाऱ्यांवर एवढा राग का? अजिबात नाही. भला माणूस आहे, प्रेमाने बोलावलं, प्रेमाने पाजली. त्यांना जे सुख मिळालं, बागेतलं फूल बाटलीत उतरवायचं, आठवडाभर बुडबुडे बघायचं, चार जणांना बोलावून ‘मी केलंय’ म्हणायचं, ते सुख मला मान्य आहे. मावशीलाही तेच सुख होतं. होळीला ती आमच्या दारात येऊन वडिलांना म्हणायची, “गुरुजी, यंदा फूल लय गोड पडलं.” वडील कसनुसं हसायचे आणि पोरांसाठी ओंजळभर भाजलेली फुलं घ्यायचे.

मावशी आता नाही. बांधावरचं ते झाडही कोणीतरी तोडलं. तिची पोरगी, माझ्या वर्गातली, मधे गावी गेलो तेव्हा भेटली. कापूस वेचायला जाते. मी काय काम करतो विचारलं, मी सांगितलं, तिला ते पटलं की नाही माहीत नाही. गणितात ती माझ्या पुढे होती, हे मात्र आम्हा दोघांनाही आठवत होतं.

असो. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनी पुन्हा बोलावलंय, यावेळी जास्वंदीची आहे म्हणे. जाईन. पण त्यांना मावशीची गोष्ट सांगितल्याशिवाय ग्लास उचलणार नाही.

ता.क. हे वाचून कोणी उद्याच बाग खुडायला निघाला तर: कण्हेर (पांढरी, लाल, पिवळी, सगळ्याच) आणि धोत्रा ही जीवघेणी विषारी फुलं आहेत, त्यांच्या जवळही जाऊ नका. फुलबाजारातल्या गुलाबांवर फवारे मारलेले असतात, ते पोटात घालायचे नसतात. बंद बाटलीला बूच घट्ट लावलं तर वायूच्या दाबाने ती फुटते. आणि आमच्या बुलढाण्याच्या मे महिन्यात यीस्टसुद्धा मान टाकतं. कायद्याचं काय ते वर लिहिलंच आहे.